गोमा आणि तीन रेडे

मेलेलं जनावर उघडताना गोमा कधी बोलत नसे. सुरी बाजूला ठेवायचा, यकृतात बोट रुतवून पाहायचा आणि मगच तोंड उघडायचा. यकृताला तो काळीज म्हणे. "बोट आत गेलं, डाक्तर. हे लई दिस आजारी व्हतं," असं सांगे आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे.

शहापूरला गुरांचा डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, ती एकोणीसशे पन्नासच्या दशकात. गोमा गावाबाहेरच्या वस्तीत राही. मेलेली ढोरं ओढायचं काम वस्तीतल्या बाकीच्यांनी सोडून दिलं होतं. त्याची मुलंही त्याच्यावर रागावत. तो म्हणे, "मी नाय गेलो तर ते तिथंच कुजल ना रे." चिरफाड करायची झाली की मी त्यालाच बोलावी. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, पण मी त्याला एकेरीच हाक मारत असे. आणि माझं निम्मं शिक्षण कॉलेजात नव्हे, त्याच्या शेजारी उकिडवं बसून झालं.

एका मे महिन्यात गवताच्या एका व्यापाऱ्याचे तीन रेडे एकाच दुपारी मेले. या शेठच्याच माडीवर मी राहत होतो, जेवतही तिथंच होतो. गवताच्या गाठी आटगाव स्टेशनावर पोचवायची घाई होती, रेडे पहाटेपासून जुंपलेले. शेठ म्हणाले, "तीन रेडे एकदम मरतात कसे? कातड्यासाठी कोणीतरी विष घातलंय." आणि त्यांनी वस्तीकडे हात केला.

गोमाने तिन्ही रेडे उघडले. यकृतं सुजलेली, कडा बोथट, रंग मातकट पिवळा. बोट लावताच तुटत होती.

"ऊन लागलंय, डाक्तर," गोमा म्हणाला. "आतून शिजलीत बिचारी. हात घाला, अजून भाजतंय. पोटात काय नाय, कातड्यात विषाची सुई टोचल्याची खूण नाय. गाडीवानाला इचारा, पाण्यात कवा सोडलं व्हतं."

मी गाडीवानाला विचारलं. त्याने शेठकडे पाहिलं आणि गाडीचे दोर सोडवायला लागला. मला तेवढ्यावरून कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. पण माझ्या पुस्तकात असं यकृत विषबाधेच्या प्रकरणात दिलं होतं. संध्याकाळी शेठच्या ओटीवर बसून मी अहवालात लिहिलं, 'विषबाधेचा संशय'. संशयच तर लिहिलाय, अशी स्वतःची समजूत घातली.

पोलिसांनी गोमाला नेलं. चार दिवसांनी सोडलं, तेव्हा त्याला डावा पाय टेकवत नव्हता. वस्तीतल्या माणसांना शेतावर बोलावणं गावाने बंद केलं. मग वस्तीही त्यालाच बोल लावू लागली. पेरणीच्या आधी तो बायकोमुलांना घेऊन गाव सोडून गेला. जाताना दवाखान्यात आला होता. त्याच्याकडे असलेली आमची सुरी त्याने पायरीवर ठेवली. मी आतच होतो. बाहेर आलो नाही.

रेड्यांच्या आतड्या-यकृताचे नमुने मी मुंबईला पाठवले होते; श्रावणात तिथून तपासणीचा कागद आला, विष आढळलं नाही म्हणून. मी शेठना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि ताटं वाढायला सांगितली. कागद मी फायलीला लावला. गावात कोणालाही सांगितलं नाही.

पुढे साठ सालानंतर मी वरच्या शिक्षणासाठी मुंबईला गेलो. उन्हाने मेलेल्या म्हशीच्या यकृताचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आमचे प्राध्यापक समजावत होते. अंगातली उष्णता बाहेर पडेनाशी झाली की यकृताच्या पेशी फुगतात, त्यांत चरबीचे थेंब साचतात, मग त्या मरू लागतात. "नुसतं यकृत पाहून विष म्हणू नका," ते म्हणाले. सगळे लिहून घेत होते. मी वही मिटली.

पुढच्या रविवारी विचारत विचारत वाशिंदला गेलो. वीटभट्टीवर गोमा विटा रचत होता, लंगडत. मी त्याला पहिल्यांदाच 'गोमाबाबा' म्हटलं. प्राध्यापकांचं बोलणं सांगितलं, त्या कागदाचंही सांगितलं. हातातली वीट खाली न ठेवता तो ऐकत राहिला.

"मला कशाला सांगता, डाक्तर? मला ठाऊकच व्हतं. तुमालाबी ठाऊक व्हतं. शापूरला जा, चावडीवर सांगा."

"जातो," असं म्हणून मी स्टेशनावर आलो. शहापूरकडे जाणारी गाडी उभी होती. ती सुटेपर्यंत मी तिच्याकडे पाहत राहिलो. मग समोरच्या फलाटावर गेलो आणि मुंबईची गाडी धरली.