गुरुवारची क्षमा

रेक्टरबाईंनी फोटो फरशीवर आपटला आणि वर चप्पल ठेवून काच रगडली. फोटो बुद्धाचा होता, तळहाताएवढा. माझ्या खोलीतली पोरगी उदगीरकडची, बौद्ध घरातली. निघताना तिच्या आईनं तो तिच्या पिशवीत घातला होता. आमचं विद्यापीठ मात्र एका संस्थानाचं. नांदेड-लातूर रस्त्यावर माळात मोठी कमान, कमानीआड इमारती आणि होस्टेलच्या प्रत्येक खोलीत संस्थापक महाराजांच्या पादुकांचं चित्र. दुसरं कुठलंही चित्र लावायचं नाही, असा नियम होता. तिनं तर ते लावलंही नव्हतं, उशीखाली ठेवलं होतं.

ती काचा गोळा करायला वाकली. "बाई, मला मारा, पर त्येच्यावर पाय कशाला देलाव?" एवढंच म्हणाली. बाईंनी केसांना धरून तिला उभी केली आणि कानाखाली वाजवली. मग परत. मग परत, त्याच डाव्या कानावर, उघड्या पंजानं, दात खाऊन. मी मध्ये घुसले तर कोपराच्या एका दणक्यात मला भिंतीवर भिरकावलं. बाई दमल्या तेव्हाच थांबल्या. पोरीच्या कानातून निघालेला रक्ताचा ओघळ मानेवरून ड्रेसच्या गळ्यात उतरला होता.

विद्यापीठाच्या दवाखान्यात 'बाथरूममध्ये घसरून पडली' असं ठरलं आणि तेच खरं झालं. तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता, पण ते बोलायचं कुणी? आमच्याकडे निंदा हा गुन्हा होता. प्रवेश घेताना हात पुढे करून शपथ घ्यावी लागायची, की संस्थेविषयी वावगं बोलणार नाही आणि ऐकणारही नाही. मेसचं वरण पातळ आहे म्हणणं हीसुद्धा निंदाच. एका पोरानं त्या वरणाचा फोटो बाहेर पाठवला, तर सेवेकऱ्यांनी त्याला मेसमध्येच पट्ट्यानं सोलून काढला आणि आम्ही खाली माना घालून जेवलो. सेवेकरी म्हणजे संस्थानानं पाळलेले दांडगे. गळ्यात पांढरं उपरणं आणि मनगटं लाकडं फोडणाऱ्याची.

मी बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते. अहमदपूरजवळच्या गावातली शेतकऱ्याची पोर, पण शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा मारणारी. अहमदपूर, उदगीर, थेट माहूरपर्यंतच्या ढाली घरात भिंतीला लागल्या होत्या. त्या आठवड्यात विद्यापीठाची स्पर्धा होती. विषय गुरुनिष्ठा. भाषण आधी लिहून तपासून घ्यायचं. स्पर्धेत एक प्राध्यापक तीच प्रत मांडीवर घेऊन पुढं बसायचे आणि ओळीवर बोट फिरवत ऐकायचे. माझं बोलणं चालू झालं, सरांचं बोट चालू झालं. समोर मुलींच्या रांगेत ती बसली होती, कानात कापूस घालून. डोक्यात अशी तिडीक गेली की सरांचं बोट एका ओळीवर राहिलं आणि मी भलतीकडे गेले. माइकमध्ये सांगितलं की ही पोरगी घसरलेली नाही, हिला रेक्टरबाईंनी मारलंय, हिचा कान फोडलाय. उठा, बघा हिच्याकडे.

कुणी उठलं नाही. एक सेवेकरी मात्र उठला. त्यानं माझ्या हातातला माइक हिसकला आणि तोच फिरवून तोंडावर घातला. माइक चालू होता. माझा जबडा मोडल्याचा आवाज स्पीकरमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेला. दुसरा फटका मी खाली पडल्यावर बसला. तोंडातून दोन दात पडले, ते स्टेजच्या सतरंजीवर मला दिसत होते आणि मी ते उचलायला हात लांब करत होते. त्या हातावर त्यानं बूट दिला.

लातूरच्या दवाखान्यात वरचे-खालचे दात तारेनं बांधले. नळीनं ताक आणि भाताची पेज. माझे वडील, आप्पा, उशाशी बसून असायचे. ते पोलिसांत जाऊन आले होते. संस्थानाचं नाव काढताच साहेबानं त्यांना पाणी पाजून वाटेला लावलं होतं. "लई झालं, बाळा," ते म्हणाले. "माफी मागू, डिग्री घेऊ अन् घरी जाऊ. ह्या लोकांसंगं आपुन न्हाई पुरत." मला त्यांचा संताप आला. वळून भिंतीकडे तोंड केलं. बोलता येत नव्हतं, नाहीतर काय काय बोलले असते कुणास ठाऊक.

संस्थानात माफी गुरुवारी मागतात. सगळं विद्यापीठ मैदानात बसतं. क्षमा मागणारा माइकसमोर उभा राहतो आणि त्याच्या उजव्या हाताला चौरंगावर पादुका असतात. ती बाजू महाराजांची, तिकडे कुणी उभं राहायचं नाही. आपल्या शब्दांत माफी मागायची नाही, कारण आपल्या शब्दांत अहंकार असतो म्हणे. संस्थानाचं कुणीतरी डाव्या बाजूला उभं राहून एकेक वाक्य हळू आवाजात कानात सांगतं, ते मोठ्यानं म्हणायचं. माझं तोंड बांधलेलं. म्हणून त्यांनी ठरवलं की माझ्या वतीनं क्षमा तीच मागेल, जिच्यासाठी मी बोलले ती. 'मी घसरून पडले, माझी मैत्रीण खोटं बोलली,' असं तिनं सगळ्यांसमोर म्हणायचं. म्हटलं तर दोघींना परीक्षेला बसू देणार. नाही म्हटलं तर दोघी बाहेर. ती हो म्हणाली. ते कळल्यावर मी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला.

गुरुवारी मला पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. मागं आप्पा. ती माइकसमोर गेली, पादुकांना हात जोडले. रेक्टरबाई डाव्या बाजूला आल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन पहिलं वाक्य सांगितलं.

ती गप्प उभी.

बाईंनी परत सांगितलं. तिनं मान थोडी वाकडी केली आणि माइकमधूनच विचारलं, "काय म्हणलाव, बाई?"

मैदानात हसू फुटलं. बाईंचा चेहरा तापला. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. बाईंचे ओठ तिच्या कानाला लागलेले आम्हा सगळ्यांना दिसत होते, आणि ती घाबरून समोर बघत होती. "बाई, जरा जोरात म्हणा. न्हाई ऐकू येत."

आता कुणी हसलं नाही. हजारो पोरं, प्राध्यापक, सेवेकरी त्या कानाकडे बघत होते. सगळ्यांना काय दिसलंय ते तिला अजून कळलंच नव्हतं. ती आज्ञाधारकपणे दुसरा कान पुढं करायला वळली, पण त्या बाजूला पादुका, बाई तिकडे जाणार कशा? त्यांनी तिच्या वेणीला हिसडा देऊन तिला परत फिरवलं आणि थोबाडीत दिली. तो आवाजही स्पीकरनं सगळ्यांना ऐकवला.

मागून पहिली खुर्ची आली. मग दुसरी. पोरी किंचाळत उठल्या, पोरं स्टेजवर चढली. ज्यानं मला मारलं होतं त्या सेवेकऱ्याला स्टेजखाली ओढून पोरांनी लाथांनी तुडवला, आणि मी खुर्चीवर बसून बघत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. मग काठ्या घेऊन बाकीचे सेवेकरी आले आणि जो सापडला त्याला फोडत सुटले. आप्पांनी मला कवेत घेऊन गेटकडे ओढलं. त्यांच्या पाठीत बसलेल्या काठीचा हिसका माझ्या अंगाला जाणवला.

संध्याकाळी आमच्या दोघींच्या ट्रंका कमानीबाहेर फेकल्या. तिच्या ट्रंकेचं झाकण उघडून कपडे रस्त्यावर पसरले होते. ती ते गोळा करत होती. आप्पा तिला मदत करायला वाकले, पण पाठ वाकेना.

"अक्का," ती मला म्हणाली, "म्या तर खोटं बोलायलाच चढले होते. दोघींची परीक्षा व्हावी म्हणून. मला खरंच ऐकू आलं न्हाई."

तिचा ओठ फाटला होता आणि केसांची एक बट त्या रक्तात चिकटली होती. ती बाजूला करावी म्हणून मी हात वर केला.

तिनं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी उजवा कान झाकून घेतला.