मंगळावर मुलगी देण्याबाबत

मंगळामुळे माझे लग्न मोडता मोडता राहिले. (आणि धम्म स्वीकारल्यापासून आमच्या घरात पत्रिकेकडे कुणी ढुंकूनही पाहिलेले नव्हते!)

मंगळावर यान उतरल्याची बातमी तेव्हा ताजी होती. मानवतला आमच्या घरी मला पाहायला झरीजवळच्या खेड्यातले विज्ञानाचे मास्तर आले, सोबत त्यांचे वडील. हवेत सरकीचा उग्र-गोड वास, भिजवून फोडणीला टाकलेल्या चुरमुऱ्यांच्या सुशीलेवर लिंबाचा दरवळ, आणि मास्तरांचा आवाज माठातल्या पाण्यासारखा गार. पहिल्याच वाक्याला मी होकार देऊन टाकला, अर्थात मनात.

मास्तरांनी विचारले, पृथ्वी सोडावी लागली तर माणसाने वस्ती कुठे करावी? मी कवितेची विद्यार्थिनी. म्हटले, "शुक्रावर. सांजवेळी किती देखणा दिसतो!"

मास्तरांनी हळुवारपणे सांगितले की तिथे शिसे वितळेल अशी उष्णता आहे आणि ढगही आम्लाचे. चंद्रावर हवाच नाही. त्यापेक्षा मंगळ बरा.

लेकीचा शुक्र नापास झालेला बाबांना सोसेना. "उन्हाचं काय सांगायलाव मास्तर? आमी वैशाखात पत्र्याखाली राहतो."

"अन् मंगळाला काय वाईट हाय?" मास्तरांचे वडील सरसावले.

झाले! परगावी मुलगी देताना विचारायचे ते सारे बाबांनी मंगळाबद्दल विचारले. विहीर किती लांब? शेजार कसा? पोरीला बाळंतपणाला आणायचे तर वाटेत किती दिवस? मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले, सात-आठ महिने.

"म्हंजे आमी घेऊन येईस्तोवर नातू रांगायला लागंल," बाबांनी ताटली खाली ठेवली. "मंगळावर पोरगी देणार न्हाई."

मास्तरांच्या वडिलांनी टोपी चढवली. "आमचा मंगळ ज्यांला पसंत न्हाई, त्यांला आमचं घर काय पसंत पडणार? चल रे."

चपला पायांत गेल्या. आईने पदर तोंडाला लावला. पाहुण्यांपुढे मुलीने आपण होऊन बोलू नये, हे मला पक्के ठाऊक होते. पण तो गार आवाज अंगण ओलांडू लागला आणि माझा सगळा संयम, शुद्ध भाषेसकट, गळून पडला.

"बाबा, मला मंगळ चालंल!"

अंगणातल्या चपला थबकल्या. मग मास्तर लाजून म्हणाले, "पाण्याचं मी बघतो." त्यांचे वडील आधी हसले, नाइलाजाने बाबाही.

पुढच्या वैशाखात मी नांदायला गेले. डोक्यावर तापलेला पत्रा, विहीर गावाबाहेर दोन शेते ओलांडून, आणि मास्तर पाण्याचे अजून बघतच आहेत. शुक्राचे ऊन आणि मंगळाचे पाणी एकाच घरात मिळवणारी मानवजातीतली पहिली बाई मीच!