मापाचं पाणी

माझा मोठा भाऊ कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाडांचं पाणी मोजतो. पाण्याखाली फांदी कापायची, रबरी बुचातून काचेच्या नळीत बसवायची, फटींना व्हॅसलीन फासायचं. नळीचं दुसरं टोक बीकरमधल्या पाण्यात. पानांतून पाणी हवेत उडतं, फांदी खालून ओढून घेते आणि नळीतला बुडबुडा सरकतो. तो किती सरकला हे बघत दादा तासन्‌तास बसतो. बायकोकडे एवढं बघितलं असतं तर ती माहेरी निघून गेली नसती.

बाबांच्या किडन्या थकल्या, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं आणि दादाच्या अंगात आलं. घरात मोजपात्र आलं. डॉक्टरांनी सांगितलं त्याहूनही त्याने थोडं कमीच ठरवलं. का, तर मोजण्यात चूक झालीच तर! बाबांच्या घशाला कोरड पडलेली असायची आणि हा शहाणा मोजपात्र डोळ्यांसमोर धरून पातळी बघत उभा. माझं डोकं फिरायचं.

"दगड आहेस नुसता," मी म्हणायचे.

"तू मध्ये बोलू नकोस." हे त्याचं ठरलेलं उत्तर.

परवा सुट्टीच्या दिवशी त्याने खिडकीत फांदी मांडली, कॉलेजच्या मुलांच्या परीक्षेआधी एकदा तपासून बघायला, आणि आंघोळीला गेला. परत येतो तर नळीत नुसती हवा. बीकर कोरडा ठणठणीत.

"कोण प्यायलं हे?"

बाबांनी हाताने ओठ पुसले. वेगळं उत्तर कशाला हवं?

"जीव नकोसा झालाय का तुम्हाला? संध्याकाळचं पाणी बंद!"

"ती फांदी दिवसभर पिते," बाबा म्हणाले. "तिचंही मोजतोसच ना? तिला कधी दम भरलास?"

"फांदी वाळली तर मी दुसरी आणतो!" दादा केवढ्यांदा तरी ओरडला.

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दादा नळी-बीकर आवरत राहिला, मी भांडी आदळत राहिले.

संध्याकाळी दादा स्वतःच पाणी घेऊन आला. बाबांनी ओठ घट्ट मिटले. गोळीही घेईनात. बराच वेळ उभा राहून तो शेवटी कॉटच्या कडेला टेकला.

"बाबा, घ्या ना थोडं."

"किती?" बाबांनी विचारलं.

दादाने हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. त्याच्या तोंडून आकडा निघेना.