निरोपाचं वाक्य

देवासला नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवणारा एक क्लास मी लावला होता. परदेशी नोकरीच्या परीक्षेत नातेवाइकांना मृत्यूची बातमी द्यायचा प्रसंग वठवून दाखवावा लागतो, असं तिथे सांगितलं. एकदा मॅडम मेलेल्या पेशंटची बायको झाल्या आणि मी नर्स. बातमी मी इंग्रजीत नीट सांगितली, पाणी दिलं, थोडा वेळ जवळ बसले आणि मुकाट्याने उठून बाहेर पडले. मॅडमनी दहापैकी चार मार्क दिले. निरोपाचं वाक्य राहिलं म्हणे.

मी सांगितलं, आमच्या मराठी घरांत मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत. अशा कामासाठी त्या घरी पुन्हा कशाला यायचं? मॅडम म्हणाल्या, "बेटा, वहाँ के मरीज मराठी नहीं होंगे." ते बरोबर होतं, म्हणूनच जास्त राग आला. 'मी पुन्हा येऊन भेटते, काही लागलं तर सांगा,' हे इंग्रजीतलं वाक्य शनिवारी धारला घरी जाताना बसमध्ये सगळी वाट घोकलं.

त्याच वर्षी बाबा गेले. मॅडम देवासहून धारला भेटायला आल्या. आईजवळ बसल्या, पाणी प्यायल्या, उठल्या. मी दाराशी त्या वाक्याची वाट बघत उभी होते. मॅडमनी आईकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि चपला घालून काही न बोलता पायऱ्या उतरल्या.

मी मार्क कापले नाहीत.