चेक म्हणजे शह

मंगळवार पेठेतल्या आमच्या मेकॅनिकमामांना इंग्रजी शब्दांची मुळं शोधायचा नाद आहे. पान्यांच्या खोक्यात त्यांचा काळवंडलेला शब्दकोश असतो. परवा बायकोला मागं बसवून पन्हाळ्याला निघालो होतो, म्हणून टायर चेक करायला थांबलो. मामांनी ब्रेकही दाबून पाहिला आणि किल्ली काढून सरळ खिशात टाकली.

"ब्रेकची केबल तुटाय आलीया, सर. नवी घातल्याबिगर गाडी मिळणार न्हाय."

"मी फक्त चेक करा म्हटलं होतं!" मी चिडलो.

"चेक म्हंजे अडवणं बी हाय की! मूळ फारसी, शाह म्हंजे राजा. बुद्धिबळात राजाला शह देत्यात, तितनं इंग्रजीत गेलाय."

वीस वर्षं इंग्रजी शिकवूनही मला हे ठाऊक नव्हतं. बायको एव्हाना खाली उतरली होती.

"सावकाश करा, मामा," ती म्हणाली. "आम्हाला घाट उतरून घरी यायचंय."