ताडीविना उभं राहिलेलं घर

२०१८ सालची दिवाळी सरली आणि आमच्या तलासरीकडच्या पाड्यांत जमीन हलू लागली. आज हादरा, उद्या हादरा. आमचं विटांचं नवं घर चौकटीपासून वरपर्यंत तडकलं. खरं सांगते, मी प्रभूशी भांडले. सात वर्षं एक रविवार न चुकवता प्रार्थनेला जाते, आणि माझ्याच भिंती फुटाव्यात?

भिंतींचा तोरा मात्र माझाच होता. त्या बांधल्यावर शेजारचं आमचं जुनं कुडाचं घर, कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेलं, मी पाडायला लावलं आणि त्याची कारवी चुलीत घातली. धाकटा दीर म्हणाला होता, "वहिनी, राहू दे. तुझं काय खातंय ते?" मी फटकन म्हटलं, "कुडात राहायला मी काय कोंबडी आहे?" तो स्वतः कुडात राहणारा. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून आधीच दुखावलेला होता, त्या दिवसापासून त्याने बोलणंच सोडलं.

जानेवारीत मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली. महिना उरला होता. तडकलेल्या घरात तिला न्यायची हिंमत नव्हती, आणि थंडीत ताडपत्रीखाली ओली बाळंतीण ठेवायची कशी? हलकं कुडाचं घर हवं होतं, तेच मी जाळलं होतं. आमच्याकडे घर बांधायला मजूर लावत नाहीत. सगळे हात लावतात, घरधनी संध्याकाळी ताडी पाजतो. प्रार्थनेला जायला लागल्यापासून आमच्या घरात ताडी बंद झालेली. नवरा दोन पाडे फिरून आला, लोक नुसते "बघू" म्हणाले. "एकदाच आणू का ताडी?" त्याने विचारलं. हो म्हणावं असं फार वाटलं, पण जीभ वळेना. मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. त्या दिवशी मी जमीन थांबव असं मागितलं नाही. एवढंच म्हटलं, प्रभू, मी थकले, आता तू बघ.

तिसऱ्या सकाळी मी भाकऱ्या थापत होते. बघते तर डोक्यावर कारवीचे भारे घेऊन माणसं बांधावरून येतायत, आणि सगळ्यांत पुढे दीर. भारा खाली टाकून तो म्हणाला, "पोरगी आमची पण हाय. ताडी नको, चहा ठेव. पण गोड ठेव."

"भाऊजी, मी तेव्हा बोलले ते..."

"आधी पाणी तापव."

काय धांदल उडाली! नवऱ्याने खांब रोवले, जावेने शेणमाती तुडवली, पेंढा छपरावर चढला. साखर संपली तशी मी चहात गूळ टाकला. मधेच हादरा बसला. सगळे जागच्या जागी थांबले. कारवी नुसती करकरली आणि उभी राहिली. मुलगी हसली, मग सगळेच हसले. माझ्या पोटातून असा आनंद उसळला की माखलेल्या हातांनी टाळ्या वाजवत मी प्रभूचं गाणं धरलं. जाऊ आमच्या प्रार्थनेला कधी येत नाही, पण तिनेही ठेका दिला.

जमीन पुढेही हलतच राहिली. तो आनंद मात्र माझ्याजवळ राहिला. सगळं प्रभूवर टाकलं की अंग किती हलकं होतं, हे मला कुडाच्या घरात कळलं, आणि त्यासाठी मी रोज त्याचे आभार मानते.

नातू झाल्यावर दीर बघायला आला. दारात वाकून म्हणाला, "कोंबडी हाय का घरात?"

"हाय," मी म्हटलं, "पिल्लू पण हाय."