धुऱ्यावरचा तरोटा

मूल शहराजवळच्या आमच्या गावात धानाची बांधी ज्याची त्याची असते, पण दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरची रानभाजी कुणाची, हे कुणी विचारत नाही. पावसाळा लागला की तरोटा ज्याला दिसेल त्यानं खुडावा. आमच्याकडे धानाच्या रोवणीला मजुरीनं येणारी काकी खुडायची, आणि त्यातला वाटा दुसऱ्या दिवशी आठवणीनं आमच्या घरी आणून द्यायची. मी शाळेत शिकवते म्हणून ती मला बाई म्हणते, वयानं माझ्या आईएवढी असूनही.

त्या वर्षी धुऱ्यांवर गवत गुडघ्याला लागलं होतं आणि निंदायला माणसं मिळत नव्हती. आम्ही तणनाशक आणलं. मी विज्ञानाची शिक्षिका, त्यामुळे बाटलीवरचा कागद आधी मी वाचणार, तोही मोठ्यानं, आणि घरच्यांनी मुकाट्यानं ऐकायचं. नवऱ्याला हातमोजे घालायला लावले, तोंडाला रुमाल, पायात गमबूट. फवारून आल्यावर अंगणातच कपडे उतरवून साबणानं आंघोळ. बाटली ठेचून पुरली. "लग्नातही इतके नियम नव्हते," नवरा वैतागून म्हणाला. मी मात्र स्वतःवर भलतीच खूश होते.

दोन दिवस पावसानं उघडीप दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी काकी दारात उभी. पदरात तरोटा.

"घ्या बाई, कवळा हाये. काल संध्याकाळी खुडला."

"कुठून?"

"कुठून म्हंजे? तुमच्याच धुऱ्यावरून."

तुम्ही खाल्लात का, असं मी विचारणारच होते. तिची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना. काकी आपण होऊनच सांगू लागली, "पोरीले कायी जातच नव्हतं बाई. काल मात्र दोनदा मागून खाल्ली भाजी."

मी खरं काय ते सांगितलं. ती पदरातल्या पानांकडे बघत राहिली.

"पण पानं तं हिरवीगार हायेत."

असतातच. फवारल्यावर काही दिवस पान तसंच टवटवीत दिसतं, पिवळं मागाहून पडतं. हे मला ठाऊक होतं. काकी आयुष्यभर किडकं, पिवळं पान बघून टाकत आली, आणि तिच्या त्या पारखीला मी फसवलं होतं. फवारताना ती माझ्या डोक्यातच आली नाही, याची मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

ऑटो करून तिघी मूलच्या दवाखान्यात गेलो. औषधाचं नाव मला तोंडपाठ होतं, तेवढाच माझ्या वाचनाचा उपयोग झाला. डॉक्टरबाईंनी लेकीला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. ठोके चांगले आहेत, म्हणाल्या. उलटी, पोटदुखी, काहीही वाटलं तर लगेच आणा. पुढचं विचारल्यावर म्हणाल्या, एवढ्यावरून आज काही सांगता येत नाही, तपासणीला मात्र येत राहा.

परतताना लेक मधे बसली होती. "बाई, लेकराले कायी होईन काय?" तिनं मला विचारलं, आईला नाही. वर्गात कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार असतं. इथे मी ठोके चांगले आहेत एवढंच परत सांगितलं आणि तिचा हात धरून बसले. तिनं मान हलवली. मला रडू येत होतं, पण माझं रडू त्या दोघींनी आवरत बसावं, हे काही बरं नव्हतं.

काकी रस्ताभर बाहेर बघत होती. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. गावाच्या अलीकडे आमच्या बांध्या दिसायला लागल्या, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"बाई, तुमची गाय रोज याच धुऱ्यावर चरते ना? हे दोन दिवस कुठी होती?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण बोलले नाही.

"गोठ्यात. जनावरं सोडू नका असं कागदावर लिहिलं होतं, म्हणून बांधून ठेवली."

काकीनं लेकीच्या पोटावरचा पदर सारखा केला.

"मले तं बांधून ठेवाची बी गरज नव्हती, बाई," ती हळूच म्हणाली. "निस्तं सांगतलं असतं तरी झालं असतं."